दमलेला पिचर आणि उद्याचा सामना

बेसबॉलमध्ये स्टार्टरच्या, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) नावापुढे पिचचा, टाकलेल्या बॉलचा, आकडा नव्वदीत शिरला की प्रश्न ठरलेला असतो: हा दमलाय का? माझ्या लेखी तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की याला काढलं तर उरलेले आउट कोण घेणार, आणि तो माणूस मला उद्या लागणार आहे का?

मी 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हा संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळते, तेही रोजचा सामना स्वतः चालवून. या खेळात थकव्याची दोन खाती असतात. एक आजच्या सामन्यातलं: प्रत्येक पिचबरोबर दम उतरत जातो, आणि कोणाचा किती लवकर उतरतो ते त्याच्या स्टॅमिनावर ठरतं. दुसरं दिवसांवर चालणारं: काल टाकलेले पिच आज अंगात असतात, आजचे उद्या असणार. पहिलं खातं स्क्रीनवर डोळ्यांसमोर असतं, म्हणून सगळे त्याच्याकडेच बघतात. सीझन मात्र दुसऱ्या खात्यात हरला जातो.

जरा आकडेमोड करून बघा. सीझनमध्ये १६२ सामने, प्रत्येकी नऊ इनिंग (एका इनिंगमध्ये तीन आउट), म्हणजे साधारण १४५८ इनिंग टाकायच्या. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या आजच्या नियमानुसार २६ जणांच्या रोस्टरमध्ये (संघाच्या यादीत) जास्तीत जास्त १३ पिचर. त्यातले पाच स्टार्टर धरले तर बुलपेनला, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या रिलीव्हरच्या ताफ्याला, उरतात आठ. आता तुमचे स्टार्टर सरासरी सहा इनिंग टिकले, तर बुलपेनच्या वाट्याला ४८६ येतात. माणशी एकसष्टच्या आसपास. हे झेपतं. तेच स्टार्टर पाच इनिंग आणि एक आउट घेऊन बाहेर येत असतील, तर बुलपेनवर ५९४ पडतात, माणशी चौऱ्याहत्तर. एका सामन्यात फक्त दोन आउटचा फरक, सीझनभरात १०८ इनिंगचा. आणि हा भार सारखा वाटला जात नाही. सर्वांत चांगल्या दोघातिघांवर तो सगळ्यात जास्त पडतो, कारण अटीतटीच्या वेळी हात त्यांच्याकडेच जातो.

म्हणून संघ बांधताना मी क्लोजरच्या (आघाडी राखत सामना संपवणाऱ्याच्या) आधी लाँग रिलीव्हर, म्हणजे बऱ्याच इनिंग टाकू शकणारा रिलीव्हर, शोधते. स्टॅमिना बऱ्यापैकी, कंट्रोल चांगला, वॉक (बॅटरला फुकटचा पहिला बेस) फार न देणारा. त्याचा फास्टबॉल साधारण असला तरी चालेल. स्टार्टर तिसऱ्याच इनिंगमध्ये कोसळला की हा तीन-चार इनिंग एकटा खातो, आणि उरलेल्या सात जणांची रात्र वाचते. त्याच्या नावावर सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याचं श्रेय) जमा होत नाहीत, पुरस्काराच्या यादीत तो दिसत नाही. पण पुढचे तीन दिवस माझ्या हातात जे ताजे रिलीव्हर असतात, ते त्याच्यामुळे असतात. ट्रेडमध्ये अशा पिचरची किंमत कमी लावली जाते. मला तो कायम महागातलाच वाटतो.

हरलेला सामना ओळखणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. पाचव्या इनिंगमध्ये सात रननी मागे असताना बॅटिंग चांगली आहे म्हणून चांगला रिलीव्हर आणायचा मोह होतो. त्या क्षणी मी बुलपेनची यादी उघडते आणि कालचे, परवाचे पिच बघते. सेटअपवाल्याने (क्लोजरच्या आधी येणाऱ्याने) सलग दोन दिवस टाकले असतील, तर तो आज माझ्यासाठी संघातच नाही. क्रिकेटमध्ये दमलेला बोलर फाइन लेगला उभा राहून पुन्हा स्पेलला येतो. इथे बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही, त्यामुळे प्रत्येक बदल कायमचा असतो आणि त्याचा हिशेब उद्यापर्यंत जातो.

यावर खऱ्या बेसबॉलमधला एक प्रसंग मी नेहमी आठवते. २०२० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम लढत, सहावा सामना, रेज विरुद्ध डॉजर्स. रेजचा स्टार्टर ब्लेक स्नेल सहाव्या इनिंगमध्ये, ७३ पिच, नऊ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), रेजकडे १-० आघाडी. एक सिंगल (एका बेसचा हिट) बसला आणि मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढलं. पुढे डॉजर्सचा मूकी बेट्स तिसऱ्यांदा बॅटिंगला येत होता. बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की पिचरचे आकडे घसरतात, हे खरंच आहे. आणि तो थकव्याहून वेगळा भाग आहे, कारण तोवर बॅटरने त्याचे सगळे पिच पाहिलेले असतात. पण त्या रात्री बेट्स, सीगर आणि टर्नर हे बॅटिंगच्या क्रमातले पहिले तिघे स्नेलपुढे सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. डॉजर्सनी तो सामना ३-१ असा जिंकला आणि सिरीजही. वाद आजही स्नेलला काढण्यावरच होतो. माझा मुद्दा त्याच्या जागी आलेल्या निक अँडरसनचा आहे. सीझनभर जबरदस्त असलेला हा रिलीव्हर त्या पोस्टसीझनमध्ये भरपूर वापरला गेला होता आणि सामन्यामागून सामन्यात रन देत होता. ताजा स्नेल आणि झिजलेला अँडरसन, ही तुलना त्या वेळी करायला हवी होती. 'स्टार्टर किती दमलाय' हा प्रश्न एकटा अपुरा आहे. येणारा किती दमलाय हे त्याच्या शेजारी मांडावंच लागतं.

२००३ मध्ये याच्या नेमकं उलट घडलं. वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीचा सातवा सामना, यांकीजविरुद्ध रेड सॉक्स ५-२ ने पुढे, आठवी इनिंग, आणि त्यांचा मॅनेजर ग्रेडी लिटलने स्टार्टर पेड्रो मार्टिनेझला ठेवला. १२३ पिचपर्यंत तो गेला, यांकीजनी बरोबरी केली आणि अकराव्या इनिंगमध्ये अ‍ॅरन बूनच्या होमरनने सिरीज संपली. तिथे बुलपेन ताजं होतं, त्या महिन्यात चांगलं टाकतही होतं. म्हणून त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात शंका नाही: तो चुकला.

कागदावरच्या जुन्या सिम्युलेशननेही हे छान पकडलंय. हॅल रिचमनच्या 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक'मध्ये पिचरच्या कार्डावर तो किती इनिंग टिकेल याचा आकडा छापलेला असतो. त्यापुढे हिट आणि वॉक साठत गेले की तो दमलेला धरला जातो, आणि कार्डावर ज्या आउटशेजारी ठिपका असतो ते सिंगल बनतात. एवढ्याशा ठिपक्यात थकवा काय करतो ते दिसतं. पिचर एकदम वाईट होत नाही, कडेकडेचे आउट हातातून निसटायला लागतात.

वॉर्म-अपकडेही दुर्लक्ष होतं. ज्या गेममध्ये त्याची नोंद ठेवली जाते तिथे सरावाला उठवून न वापरता परत बसवलेला रिलीव्हर फुकट दमतो. मी दोघांना एकदम उठवत नाही. एकाला उठवते, आणि उठवला तर शक्यतो वापरते.

गेममध्ये जुन्या काळातला सीझन खेळताना मात्र हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. १९७२ मध्ये विल्बर वुड या पिचरने ४९ सामने स्टार्ट केले आणि ३७६ च्या वर इनिंग टाकल्या. तो नकलबॉल (जवळजवळ न फिरणारा, डुलत जाणारा बॉल) टाकायचा, वेग कमी, खांद्यावर ताण कमी. पुढच्या वर्षी त्याने एकाच दिवसातले दोन्ही सामने स्टार्ट केले. त्या काळच्या संघाला आजची पाच जणांची रोटेशन (स्टार्टरची पाळी) लावली तर पाचवा स्टार्टर म्हणून भलताच माणूस उभा करावा लागतो. चौघांवरच चालवा, स्टॅमिना तेवढा दिलेला असतो.

प्लेऑफमध्येही माझं गणित बदलतं. सुट्टीचे दिवस मधे येतात, चौथ्या-पाचव्या स्टार्टरचं काम कमी होतं, त्यातला एक मी सरळ बुलपेनमध्ये टाकते. सातव्या सामन्याला तर उद्या नसतोच. मॅडिसन बमगार्नरने २०१४ मध्ये ११७ पिचचा शटआउट (एकही रन न देता पूर्ण सामना) टाकून, मधे दोनच दिवस विश्रांती घेऊन, सातव्या सामन्यात पाच इनिंग रिलीफ टाकली, ६८ पिच, आणि जायंट्सनी रॉयल्सना ३-२ ने हरवलं. अशा रात्री मी थकव्याची पट्टी लाल दिसत असली तरी एसला (संघातल्या सर्वोत्तम स्टार्टरला) उठवते. जूनमधल्या मंगळवारी तोच एस शंभर पिचनंतर कितीही चांगला टाकत असला, तरी लाँग रिलीव्हर ताजा असेल तर एसला मी काढते.