पोत्यानं पकडलेली चूक

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावी केली आणि पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावात आलो. शाळेत संयुजा, मूलक असं घोकलेलं. इथं फळ्यावर ‘पॉलीअ‍ॅटॉमिक आयन’. हे म्हणजे आपलंच संयुक्त मूलक, मिळून एकच प्रभार असलेला अणूंचा गट, एवढं कळायला पंधरा दिवस गेले. वर्गात विचारायची लाज, दुसरं काय.

तक्ता पाठ केला. नायट्रेट एक ऋण, सल्फेट-कार्बोनेट दोन ऋण, फॉस्फेट तीन ऋण, अमोनिअम एक धन. तरी चाचणीत अमोनिअम सल्फेटचं सूत्र ‘एनएचफोर-एसओफोर’ लिहिलं आणि त्यावर लाल फुली आली.

भाताला खत घालायच्या दिवसांत घरी गेलो. पडवीत त्याच अमोनिअम सल्फेट खताचं पोतं. त्यावर छापलेलं: नायट्रोजन 20.5 टक्के, गंधक 23 टक्के. तिथंच वही उघडली. माझ्या सूत्राचं वस्तुमान 114, त्यात नायट्रोजन 14. जेमतेम 12 टक्के!

“काय लिहूलास रे?” आप्पांनी विचारलं.

“आप्पा, पोत्यावर जास्त लिहिलंय.”

“म्हणजे दुकानदारानं फसवलं म्हण की!”

फसलो होतो मी. सल्फेटचे दोन ऋण फेडायला एक धनवाला अमोनिअम एकटा पुरत नाही, दोन लागतात: (NH₄)₂SO₄. मग वस्तुमान 132, नायट्रोजन 28, म्हणजे 21.2 टक्के, गंधक 24.2. पोत्यावरचे आकडे थोडे कमी, कारण खत काही शंभर टक्के शुद्ध नसतं.

आणि कंस! तो मला शोभेचा वाटायचा. पण कंस न घालता एनएचफोरपुढं 2 लिहिला तर हायड्रोजन बेचाळीस होतात. कंसाबाहेरचा 2 म्हणजे अख्खं बिऱ्हाड दोनदा.

प्रभारही बिऱ्हाडाचाच, एकट्या कुणाचा नाही; रेशन कार्ड घराच्या नावावर असतं तसा. सल्फेटमध्ये गंधकाचे 6 धन, चार ऑक्सिजनचे 8 ऋण, उरले 2 ऋण. हा नुसता हिशेब आहे, गंधकावर खरोखर तेवढा प्रभार बसलेला नसतो. पण या हिशेबानं तक्त्याची घोकंपट्टी सुटली.

सल्फाइटनं मात्र आणखी छळलं. ऑक्सिजन एकानं कमी, तरी प्रभार तोच, असं कसं? पुन्हा तोच हिशेब मांडला: तीन ऑक्सिजनचे 6 ऋण आणि या वेळी गंधकाचे 4च धन.