वाचनाची सातवी नोंद: मौन भरणे आणि लिहिलेले खोडणे

मागील नोंदीत ठरवल्याप्रमाणे या उन्हाळ्यात एकही कादंबरी एकटी वाचली नाही. प्रत्येकीशेजारी तिचे मूळ साधन, म्हणजे महाभारताचे पर्व, एखादी बखर किंवा संतचरित्राची जुनी पोथी, उघडी ठेवली. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलरच्या आवाजात असे दुहेरी वाचन जमत नाही, म्हणून पहाटे साडेपाच ते आठ ही वेळ धरली. समासात पेन्सिलीने दोनच खुणा करतो: मूळ ग्रंथ जेथे गप्प आहे तेथे कादंबरीकाराने काही घातले असेल तर ‘मौ’, आणि मुळात स्पष्ट असलेली गोष्ट त्याने बदलली असेल तर ‘खो’.

पहिल्या खुणेचे चांगले उदाहरण ‘मृत्युंजय’मध्ये सापडले. 1967 साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत कर्णाची पत्नी वृषाली स्वतःच्या तोंडून आपली कथा सांगते. महाभारतात कर्णाने सूतकुळातील स्त्रियांशी विवाह केल्याचे कळते, परंतु त्यांच्यापैकी कोणी नावानिशी आपल्यासमोर उभी राहत नाही. व्यासांनी रिकामी सोडलेली जागा कादंबरीकाराने भरली, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. अडचण स्वयंवरापाशी येते. ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचे वाक्य आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मुळात असणारच असे आपण गृहीत धरतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत (अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेल्या महाभारताच्या संहितेत) मात्र ते मुख्य संहितेत नाही. संपादकांनी ते प्रक्षिप्त ठरवून तळटीपांत ठेवले आहे. तसेच मयसभेत दुर्योधनाला उद्देशून द्रौपदीने ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ म्हटल्याचेही सभापर्वात सापडत नाही. हसण्याचा उल्लेख आहे, टोमणा नाही. म्हणजे कर्णाच्या बाजूने लिहिणाऱ्या कादंबऱ्यांवर मी ‘खो’ लिहायला निघालो होतो, ते खोडकाम पुष्कळ आधी कीर्तनकारांनी, नाटककारांनी आणि पोथ्या उतरवून घेणाऱ्यांनी करून ठेवले होते. त्या पानावर पेन्सिल बराच वेळ अधांतरी राहिली आणि शेवटी मी दोन्ही खुणा केल्या.

‘ययाति’बद्दल थोडक्यात. मुळातील राजा पुरूचे तारुण्य हजार वर्षे भोगतो आणि मगच उपभोगाने वासना शमत नाही हे कबूल करतो. खांडेकरांना या दीर्घ भोगापेक्षा त्यातले नैतिक पतन अधिक महत्त्वाचे वाटते. बदल मोठा आहे, तरी तो त्यांनी लपवलेला नाही, म्हणून ‘खो’ लिहिताना राग आला नाही.

ऐतिहासिक कादंबऱ्यांत माझी खूण-पद्धत आणखी डळमळली. पानिपतावरील वाचनासोबत भाऊसाहेबांची बखर घेतली होती. बुराडी घाटावर 10 जानेवारी 1760 रोजी पडलेल्या दत्ताजी शिंद्यांचे ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ हे उद्गार आपण इतिहास म्हणून सांगतो, पण ते आपल्यापर्यंत बखरीच्या वाटेने आले आहेत, आणि बखरकाराला प्रसंग रंगवण्याची हौस कोणत्याही कादंबरीकाराइतकीच होती. मूळ साधनच असे नटलेले असेल तर कादंबरीकाराला एकट्याला जाब विचारणे अन्यायाचे होईल. तरीसुद्धा तारखा, अंतरे आणि माणसांची वये यांत गफलत करणाऱ्याला मी सूट देत नाही. ती कल्पनाशक्ती नव्हे, आळस आहे.

नागपूरकर वाचक म्हणून एक जुनी खंत येथे मांडतो. माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ वाचताना मी प्रत्येक वेळी माधवरावांच्या बाजूचा होतो, थेऊरला त्यांच्या मृत्यूपाशी डोळे पुसतो, आणि पुस्तक मिटल्यावर आठवते की आपण नागपूरच्या महाल भागात, भोसल्यांच्या वाड्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो. जानोजी भोसल्यांनी 1763 मध्ये निजामाबरोबर पुणे लुटले हे खरे, आणि राक्षसभुवनाच्या लढाईच्या वेळी ते पुन्हा पेशव्यांकडे वळले हेही खरे. परंतु पेशव्यांशी झालेल्या 1769 च्या कनकापूरच्या तहात त्यांना काय काय मान्य करावे लागले, हे नागपूरच्या बाजूने पाहिले की ‘दगाबाज’ हा शब्द तितक्या सहजपणे जिभेवर येत नाही. कादंबरी नायकाच्या खांद्यावरून जग दाखवते आणि पलीकडच्या माणसाला मौन देते. हे मौन साधनांत नव्हते, ते लेखनाने निर्माण केले. यासाठी माझ्याकडे तिसरी खूण नाही. सध्या समासात नुसते जानोजींचे ‘जा’ लिहितो आहे.

शेवटी संतचरित्रे. या महिन्यात रिद्धपूरच्या परंपरेतील लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा (लीळांचा) ग्रंथ, हाती घेतले, वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले. त्याच्याशेजारी ठेवलेली संतांवरची एक आधुनिक कादंबरी (नाव मुद्दाम सांगत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नाही) चाळीस पानांतच फिकी पडली. तिच्यात संत सतत प्रवचन देतात. चक्रधर मात्र कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या बाजूला बसले होते इतके बारीक तपशील घेऊन येतात, आणि एखादी लीळा दोन भक्तांना वेगवेगळी आठवत असेल तर ‘वासना’ म्हणून दुसरा पाठही शेजारीच दिलेला असतो. सातशे वर्षांपूर्वीच्या भक्तांनी आपल्या देवाबद्दलचा मतभेद असा उघडा ठेवला! पूर्वार्धाची जुनी मराठी अजून अडखळत वाचतो, सकाळी चार-पाच लीळांच्या पुढे जात नाही. कादंबरी चाळिसाव्या पानावर बसचे तिकीट घालून ठेवली आहे.