थांबवल्यावरही चार दिवस काम करणारी गोळी
फोंडा. आषाढ संपत आलाय, पाऊस थांबायचं नाव नाही.

मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, भरलेले सुके बांगडे आणि खारातल्या कैऱ्या आता रोज पेजेबरोबर निघत असणार. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक चमचाही भरून नाही. पण मिठाबद्दल सगळे बोलतात. प्रेशराची गोळी का सुटते, यावर मात्र एकच उत्तर ठरलेलं: ‘विसरतात हो.’

हे पटत नाही. संध्याकाळचा चहा कोण विसरतं? गोळी सुटते, कारण ती सोडली तरी काहीच होत नाही. अ‍ॅम्लोडिपिन ही प्रेशराची नेहमीची गोळी. ती अंगातून निम्मी उतरायलाच ३० ते ५० तास लागतात. सोमवारी बंद केली, गुरुवारी फार्मसीत प्रेशर मोजलं, १३०/८० आलं. झालं, ‘गोळीशिवायही नॉर्मल आहे’ याचा पुरावाच हातात! तो आकडा रविवारपर्यंत घेतलेल्या गोळ्यांचा असतो. पुढच्या आठवड्यात प्रेशर चढतं तेव्हा मोजायला कुणी जात नाही, आणि डोकं दुखेलच असंही नाही. सुरुवातीला नेमकं उलटं होतं. पूर्ण गुण यायला आठवडा तरी लागतो, तिसऱ्या दिवशी १५० दिसलं की ‘ही गोळी लागू पडत नाही.’

सगळ्याच गोळ्या अशा सावकाश उतरत नाहीत. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन एकदम थांबवलं तर धडधड वाढते, प्रेशर उसळतं. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांना हे महागात पडतं.

दुसरं कारण पायांचं. अ‍ॅम्लोडिपिनने संध्याकाळी घोट्याशी सूज येते, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो. शेजारीण म्हणते, किडनी गेली. गोळी त्याच रात्री बंद. खरं तर या गोळीने बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाणी पायात झिरपतं. डोस कमी केला किंवा टेल्मिसार्टन ही प्रेशराची दुसरी गोळी जोडली की सूज बहुधा ओसरते. पायसूज आधी नसेल, नवीन असेल, तर डॉक्टरांना दाखवायचीच, पण गोळी परस्पर बंद करून नव्हे. किडनी बिघडवतं ते वर्षानुवर्षं चढलेलं प्रेशर, आणि गुडघ्यांसाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं. ती प्रेशरही चढवतात. त्यांची भीती मात्र कुणाला वाटत नाही.

लघवी वाढवणारी गोळी पणजीला जायच्या दिवशी हमखास चुकते, बसमध्ये सोय कुठे असते? त्या दिवशी दुपारी घरी परतल्यावर घेता येते का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. रात्री नको, झोपमोड होते.

पाकिटांचं गणितही विचित्र. एक गोळी १४ची, दुसरी १५ची. दोन दोन पाकिटं आणली तर पहिली २८व्या दिवशी संपते, दुसरी ३०व्या. मधले दोन दिवस ‘एकदमच आणू’ म्हणून जातात, आणि चवथ (गणेशचतुर्थी) आली तर दोनाचे आठ होतात. पाकिटात सात गोळ्या उरल्या की नवीन आणायच्या.

रात्री घातलेली भर: पावसाळ्याचं राहिलंच. वारांचे खण असलेल्या डबीत आठवड्याच्या गोळ्या काढून ठेवणं चांगलंच, पण टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढून घेतं, उघडी राहिली की मऊ पडते. ती आधीच वेष्टणातून फोडायची नाही. कात्रीने वेष्टणासकट एकेक कापून खणात टाकायची, घ्यायच्या वेळीच फोडायची. सकाळी चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दोन नाहीत. उपासालाही गोळी चालते. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन रिकाम्या पोटी घेतली तरी चालतात.

‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ असं विचारलं की सगळे ‘होय’ म्हणतात. ‘गेल्या आठवड्यात किती राहिल्या?’ असं विचारून पाकीट मागावं. न फुटलेल्या गोळ्या मोजायला अर्धं मिनिट लागतं.