स्पर्धा कुठं घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी कामावर कोण जाणार

गेल्या गुरुवारी रात्री आमच्या तालमीत बैठक झाली. विषय एकच. पुढच्या वर्षीची झांजपथक आणि ढोल-ताशाची स्पर्धा बेळगावातच घ्यायची, परत निपाणीला न्यायची, की खानापूरकर मागायलेत तर त्यांना द्यायची? साडेनऊला बसलो. पावणेबाराला किटलीतला चहा संपला, म्हणून बैठक मोडली. ठरलं काहीच नाही. फक्त दोघांचं बोलणं बंद झालं.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. वय सत्तेचाळीस. पथकात ताशा वाजवतो. आमच्या पथकात दोघे वडगावातले यंत्रमागवाले, एक रिक्षावाला, एक विमा एजंट, एक केबलवाला आणि एक हायस्कूलचे मास्तर. कॉलेजची पोरंही आहेत, खरं ती परीक्षा आली की दिसत नाहीत. म्हणजे पथक चालतं ते आमच्यासारख्या पोट सुटलेल्या, हप्ते भरणाऱ्या माणसांवर. सराव रविवारी सकाळी, नाहीतर रात्री नऊनंतर. तेव्हा शेजारचे काका गॅलरीत येऊन घड्याळ दाखवतात.

हे सांगायचं कारण म्हणजे असलीच माणसं अमेरिकेतही आहेत आणि तीही याच विषयावर एकमेकांचे गळे धरतात. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याच्या ऑफिसातला एक हिशोबनीस, पन्नाशी उलटलेला, शनिवार-रविवारी ड्रम अँड बगल कोअरमध्ये, म्हणजे ढोल आणि बिगुलांच्या पथकात, वाजवतो. भाच्यानं व्हिडिओ पाठवला आणि लिहिलं, ‘मामा, हे बघ, तुझ्यासारखेच येडे.’ मी जेवणाच्या सुट्टीत भट्टीमागं बसून बघितला. फुटबॉलचं शंभर यार्डांचं मैदान, त्यावर पितळी वाद्यं आणि ढोल घेतलेली माणसं. चालतात, वळतात, रांगा मोडतात, परत जुळवतात आणि वाजवणं थांबत नाही. शेवटी सगळ्यांनी वाद्यांची तोंडं एकदम स्टँडकडं केली आणि असा आवाज सोडला की मोबाइलचा स्पीकर फाटला. डबा तसाच राहिला.

मग नादच लागला. पोरांचे कोअर वेगळे, बावीसच्या आतले. त्यांची संस्था डीसीआय, म्हणजे ड्रम कोअर इंटरनॅशनल. मोठ्यांना वयाची मर्यादा नाही, त्यांची डीसीए, म्हणजे ड्रम कोअर असोसिएट्स. युद्धावरून परत आलेल्या सैनिकांच्या संघटनांतून यातले बरेच जुने कोअर निघाले. न्यू जर्सीचे हॉथॉर्न कॅबलेरोज १९४६ चे, पेनसिल्व्हेनियाचे रीडिंग बकनिअर्स १९५७ चे. डीसीएची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९६५ साली झाली, ती या बकनिअर्सनीच मारली. शंभरपैकी गुण आणि त्यातही अपूर्णांक. पितळी वाद्यांचे वेगळे, तालवाद्यांचे वेगळे, चालण्या-वळण्याचे वेगळे, आणि एकंदर परिणामाचे वेगळे. आमच्याकडं तीन परीक्षक, तिघांच्या हातात लग्नपत्रिकेच्या पाठीमागच्या बाजूवर आखलेला तक्ता. असो.

खरी गंमत गुणांत नाही, गावात आहे. डीसीएची फायनल वर्षानुवर्षं लेबर डेच्या जोडसुट्टीत व्हायची. लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, त्यांचा कामगार दिन. शनिवारी-रविवारी वाजवायचं आणि सोमवार परतायला मोकळा. हे वाचलं आणि मला एकदम ही माणसं आपली वाटली. कारण आमची स्पर्धा आम्ही १ मेला घेतो. घेतो म्हणजे दुसरा दिवसच सापडत नाही. आमच्याकडं चंदगड-गडहिंग्लजची पथकं येतात, ती महाराष्ट्रात. आम्ही, खानापूर, निपाणी कर्नाटकात. दोन्हीकडं एकदम सुट्टी पाहिजे. १ नोव्हेंबरला इकडं राज्योत्सवाची सुट्टी असते, खरं त्या दिवशी आपल्या लोकांचा काळा दिन, ढोल कोण उचलणार? १ मे मात्र दोन्हीकडं लाल. तिकडं महाराष्ट्र दिन, इकडं कामगार दिन. हे जमवायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्यातही बेळगावची शिवजयंती तिथीप्रमाणं वैशाखात. चित्ररथाची मिरवणूक नेमकी त्याच सुमाराला आली की निम्मी पथकं रात्रभर वाजवून सकाळी स्पर्धेला येतात आणि रिंगणात उभ्या उभ्या पेंगतात.

तर गाव. अमेरिकेत ही फायनल सगळ्यात जास्त गाजली ती न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला. मधे स्क्रँटन झालं, अ‍ॅनापोलिस झालं, विल्यम्सपोर्ट झालं, आणि फिरून फिरून गाडी परत रोचेस्टरला. भांडण दर वेळी तेच. पूर्वेकडचे म्हणणार, आमच्याकडंच ठेवा. जुने कोअर इथले, जुने प्रेक्षक इथले. रविवारी दुपारी निवृत्तांचे कोअर वाजवायचे, त्यांत सत्तरी-ऐंशी पार केलेली माणसं असायची. ती हजार मैल कशी जाणार? आणि पश्चिमेचे, दक्षिणेचे म्हणणार, दरवर्षी आम्हीच का यायचं? मिनेसोटा ब्रास नावाच्या कोअरला रोचेस्टर साधारण सोळाशे किलोमीटर. मी नकाशावर मोजलं, बेळगावहून जवळजवळ आग्र्यापर्यंत. ढोल, वाद्यं, झेंडे ट्रकमध्ये, माणसं बसमध्ये, आणि ही माणसं पगारी नोकरीवाली. अशी आग्र्याची स्वारी करून २०११ साली त्यांनी फायनल मारली. त्यांचं ते पहिलंच अजिंक्यपद.

दुसरं भांडण मैदानाचं. रोचेस्टरचं स्टेडियम सॉकरचं, तेरा-चौदा हजारांचं. अ‍ॅनापोलिसचं नौदलाचं स्टेडियम चौतीस हजारांचं. कागदावर मोठं मैदान म्हणजे मोठा मान. खरं पाच-सहा हजार माणसं चौतीस हजार खुर्च्यांत बसवली तर काय होतं, हे ज्यानं मोठं मंगल कार्यालय घेऊन छोटं लग्न केलंय त्याला विचारा. पोरांच्या डीसीआयनं दुसरा रस्ता धरला. बरीच वर्षं गावोगाव फिरले आणि २००९ पासून इंडियानापोलिसच्या छताच्या स्टेडियमात बस्तान बसवलं. २००८ लाच जायचे होते, खरं स्टेडियम वेळेत पुरं झालं नाही, म्हणून ते वर्ष ब्लूमिंग्टनला काढलं. हे वाचून मला फार बरं वाटलं. बांधकाम वेळेत न होणं ही काय फक्त आपलीच मक्तेदारी नव्हे. छत असलं की पावसाची चिंता नाही. उलट आवाज घुमून परत येतो, आणि मागचा ताल पुढच्यांच्या कानावर उशिरा पडतो, त्याची वेगळी डोकेदुखी.

पावसावरून निपाणीची गोष्ट सांगतो.

गेल्या वर्षी पहिल्यांदा स्पर्धा बेळगावबाहेर गेली. मी स्वतः विरोधात होतो. इथं झेंडा चौकात टिळकांच्या काळापासून गणपती बसतो, विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावापर्यंत दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत चालते. वाजवणं काय असतं ते ऐकायला कान पाहिजेत, ते इथं आहेत, असं मी बैठकीत बोललो होतो. बेळगावकर असल्याचा माज, दुसरं काय. तरी निपाणी ठरली. टेम्पोत बावीस ढोल, मागं आम्ही. पंच्याहत्तर किलोमीटर. तवंदी घाट उतरताना ढोल एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधे घरून आणलेल्या गोधड्या घातल्या होत्या. बायकोनं परतल्यावर त्या मोजून घेतल्या.

दुपारी चारला आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. वीस मिनिटं. आमच्या बावीसपैकी नऊ ढोल चामड्याच्या पानाचे. जुने, वजनदार, आवाज कसा खोल. चामडं ओलं झालं की काय होतं ते एकदा हातानं बघायला पाहिजे. टिपरू मारलं की ते परतून उसळत नाही, पानात रुततं. ठो येत नाही, भद्द येतं, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखं. आम्ही बाजूच्या शेडमध्ये पाचट आणि पुठ्ठे पेटवून पानं शेकायला बसलो. पान शेकताना हात लावून बघत राहायला लागतं. जरा जास्त झालं की चरचर आवाज येतो आणि गेलं. एक गेलंच. सहा हजार. माझा ताशा फायबरचा, नटबोल्टचा, पान्यानं दोन आटे दिले की तयार. खरं नुसत्या ताशानं काय होतंय? आमचा नंबर पाचवा आला. फायबरच्या ढोलांची पोरं पहिली आली. त्यांनी वाजवलंही चांगलं, हे इथं लिहितो, तालमीत बोललो नव्हतो.

खरं त्याच संध्याकाळी मी बदललो. निपाणीकरांनी मंगल कार्यालय उघडून दिलं, पंधरा पथकांना आमटी-भात आणि शिरा वाढला. आणि प्रेक्षक! बेळगावात माणसं येतात, दहा मिनिटं बघतात, ‘गेल्या वर्षी चांगलं झालतं’ म्हणतात आणि कुंदा घेऊन घरी जातात. तिथं पाऊस थांबल्यावर बाया-पोरं चिखलात उभी होती, रात्री दहापर्यंत. एक म्हातारी आमच्या हलगीवाल्याजवळ येऊन त्याचा हात धरून बघत होती, की एवढं वाजवतोस तर फोड कसा नाही रे.

आमचे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत बगलर होते. इथल्याच सेंटरमधून निवृत्त झाले. आता एक्क्याऐंशीचे आहेत. त्यांना मी अमेरिकेचे व्हिडिओ दाखवले. पहिल्यांदा त्यांनी तोंड वाकडं केलं. ‘ह्याला बगल म्हणतात? ह्याला तर चाव्या आहेत.’ फौजेच्या बगलला चाव्या नसतात. ओठ आवळून-सैल सोडून जे पाच सूर निघतात त्यांत पहाटेची हाक पण वाजवायची आणि लास्ट पोस्ट पण. मी सांगितलं, तिकडंही सुरुवात तशीच होती, पुढं एक चावी आली, मग दोन, मग तीन. ‘म्हणजे बिघडत गेले,’ मामा म्हणाले. मग निवृत्तांचा कोअर लावला. पांढऱ्या केसांची माणसं, एकाच्या गुडघ्याला पट्टा. मामा काही बोलले नाहीत. व्हिडिओ संपल्यावर म्हणाले, ‘तो डावीकडून तिसरा, त्याचा दम चांगला आहे.’

डीसीए आता वेगळी राहिली नाही. २०२४ च्या हंगामापासून मोठ्यांचे कोअर डीसीआयखाली ‘ऑल-एज’ गट म्हणून आले. एकत्र कुटुंबात गेलं की स्वयंपाकघर मोठं मिळतं, खरं गॅस कधी पेटवायचा ते थोरली जाऊ ठरवते. तारीख आणि गाव आपल्या हातात नाही म्हटल्यावर त्या सत्तरीच्या माणसांना काय वाटलं असेल, ते मला मामांकडं बघून कळतं. गेल्या वर्षी ते निपाणीला आले नव्हते. गाडीत एवढा वेळ बसवत नाही. बेळगावात असती तर पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले असते आणि सगळ्यांच्या चुका मोजल्या असत्या.

म्हणून गुरुवारी मी बोललो की मानाचं राहू दे बाजूला, आधी रजा मोजा. मी कागद घेऊन बसलो होतो. २ मेला कुणाला पहाटेच्या पाळीला जायचंय, कुणाचा माग बंद राहिला तर किती जातात, चंदगडच्या पोरांना रात्री परत जायला शेवटची एसटी किती वाजता. सीमेवर काही झालं की गाड्या पहिल्यांदा बंद होतात, तेही धरायला पाहिजे. या हिशोबात खानापूर सगळ्यात बरं निघतंय. बेळगावातून पाऊण तास, मामांना पण झेपेल. खरं चंदगडवाले म्हणाले, आम्हाला लांब पडतंय. निपाणीकर म्हणाले, आमचा शिरा विसरलासा काय. आणि आमचे विमा एजंट उठून म्हणाले, ‘बेळगावचं नाव आहे, ते दुसऱ्याला द्यायचं नाही.’ तिथून आवाज चढले.

घरी येऊन मामांना सगळं सांगितलं, वर मिनेसोटाचीही गोष्ट परत सांगितली. सोळाशे किलोमीटर गेले, जिंकले, परत आले. मामांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, ‘मंगळवारी कामावर पोचले काय?’

भाच्याला विचारून सांगतो म्हटलंय. येत्या गुरुवारी परत बैठक आहे, नऊला. चहा या वेळी आम्ही दोन किटल्या सांगितलाय.