तिची बोटं ठीक होती

गेल्या शनिवारी दुपारी दुकानात बापलेक आले. गिटार विकायची होती. "हिला नाही जमत हो, बोटंच लहान आहेत हिची," वडील म्हणाले. मुलगी आठवी-नववीतली असेल. काउंटरच्या काचेखालची पिकं, म्हणजे तारा छेडायच्या प्लास्टिकच्या चकत्या, बघत गप्प उभी होती.

बॅगेची चेन उघडली आणि मी चपापलो. निळी, चकचकीत, कटवे असलेली ही गिटार मागच्या दिवाळीच्या गर्दीत मीच विकली होती. कटवे म्हणजे वरच्या फ्रेट्सपर्यंत, मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत, हात पोचावा म्हणून कापलेला खांदा. नवशिक्याचं पहिली दोन वर्षं तिथे काही काम नसतं, पण आमच्याकडे गिटार खपते ती त्या खांद्यावर आणि रंगावरच.

स्वस्त गिटार वाईट नसते, अर्धवट असते. तारा दोन टोकांना दोन पट्ट्यांवर टेकतात: मानेच्या वरच्या टोकाला नट, खाली अंगावर सॅडल. कारखान्यातून येते तेव्हा हे दोन्ही उंचच ठेवलेले असतात. तार फ्रेटला लागून खरखरली तर माल परत येतो. बोटं सोलवटली तर गिऱ्हाईक स्वतःलाच दोष देतं. उरलेलं काम दुकानानं करायचं असतं. दिवाळीत कोण करतो? "दुखणारच पहिले काही दिवस, सवय होईल," एवढं म्हणून मी बिल फाडलं होतं.

बाराव्या फ्रेटवर पट्टी लावली. जाडी तार जवळजवळ 4 मिलिमीटर वर. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून तिला म्हटलं, "आता दाब." तिनं दाबली आणि वडिलांकडे बघितलं. कॅपो लावला की नटची उंची आड येत नाही. तेव्हा सोपं गेलं, म्हणजे दोष नटचा, बोटांचा नव्हे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची. क्लासच्या सरांनी आठ महिन्यांत एकदाही केली नव्हती. ते मुलांच्या गिटारींना हातच लावत नाहीत म्हणे.

"काही देऊ नका, तासभर बसा," म्हटलं. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, पाव फेरा आवळला, मान पुढे झुकली होती. नटच्या खाचा एकेका तारेच्या जाडीच्या कानशीनं खोल केल्या. इथे घाई केली की संपलं. खाच कणभर जास्त खोल गेली की मोकळी तार झणझणते आणि नट फेकावा लागतो. मग सॅडल. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणून तिथे 1 मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल 2 मिलिमीटर घासावं लागतं, तेही खालून. काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासत बसलो. शेवटी बाराच्या जागी दहाचा तारांचा सेट चढवला. दहा म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.010 इंच जाडीची. जाडी तार अडीच मिलिमीटरवर आली.

वाजवायला तिनं खिशातून पिक काढलं. जुन्या एटीएम कार्डातून कात्रीनं कापलेलं, कडा नखांच्या कानशीनं गोल केलेल्या. "काकांनी दिलेलं फार कडक होतं," ती वडिलांना म्हणाली. काका म्हणजे मी. गिटारीबरोबर फुकट द्यायच्या डब्यातून हाताला येईल ते टाकतो आम्ही, बहुतेक दीड मिलिमीटरचं, कारण ते विकत कुणी घेत नाही. नुसत्या स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारा एका फटक्यात छेडायला, असलं पिक तारांना अडखळतं. कॅलिपरवर तिचं कार्ड मोजलं: 0.76 मिलिमीटर. मी विचार करून दिलं असतं तर 0.73चंच दिलं असतं.

जी, सी, डी या कॉर्ड्स वाजवल्या. मग एफ, पूर्ण बार, म्हणजे एकाच बोटानं सहाही तारा दाबून. पहिल्या फटक्याला दोन तारा मुक्या राहिल्या, तिसऱ्याला सहाही बोलल्या. वडील म्हणाले, "अरे वा!" ती काही म्हणाली नाही. तीनदा तोच एफ वाजवून तिनं गिटार बॅगेत ठेवली आणि मला विचारलं, "काका, हे तेव्हा का नाही केलंत?"

सेटचे पैसे मी घेतले नाहीत. वडिलांना तो मोठेपणा वाटला.

रात्री दिवाळीचं बिलबुक काढलं. त्या आठवड्यात नवशिक्यांना गेलेल्या गिटारी सतरा. तिची सोडून सोळा फोन नंबर. आत्तापर्यंत पाच झाले. दोघांनी उचलला नाही, एकाची माळ्यावर आहे, एकीनं पुतण्याला देऊन टाकली. पाचव्या बाईंनी आधी विचारलं, "किती चार्ज घेणार?"