तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांची नावं फाटकावर का लावू नयेत?

लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी पेपरात आली की हा प्रश्न मला हमखास येतो. हळदीकुंकवाला, लोकलमध्ये, सोसायटीची मीटिंग संपल्यावर जिन्यात. "वकीलबाई, अमेरिकेत म्हणे असल्या माणसाचं नाव, फोटो, पत्ता सगळं इंटरनेटवर असतं. शाळेजवळ राहायलाही बंदी. आपल्याकडे का नाही? आणि तुम्ही स्वतः मुलींच्या केसेस लढता, तरी तसल्याच एकाची तडीपारी रद्द करून आणलीत, ते कसं?" विचारणाऱ्या बहुतेक आया असतात. त्यांची भीती खरी आहे, म्हणून जिन्यात जमत नाही ते इथे नीट सांगते.

काही वर्षांपूर्वी गिरणगावातल्या एका चाळीत आठवीतल्या मुलीवर तिच्या सख्ख्या काकाने अत्याचार केला. गुन्हा नोंदवला गेला, काकाला अटक झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या फाटकावर एक झेरॉक्स चिकटवलेली होती. काकाचा फोटो, नाव, मजला, खोली नंबर आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आपल्या मुलींना सांभाळा'. लावणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही मानते. मुलीचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. पण त्या खोलीत मुलगी एकच होती. संध्याकाळपर्यंत नळावर, वाण्याकडे, क्लासमध्ये सगळ्यांना कळलं. रात्री साडेदहाला मी कागदपत्रं बघायला गेले, तेव्हा तिची आई उलथन्याने तो कागद खरवडत होती. खळ घट्ट बसली होती. फोटो निघाला, खोली नंबर निघाला, आडनाव तेवढं राहिलं. तेच मुलीचंही आडनाव. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत गेली नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 23 माध्यमांना मुलाचं नावच काय, पत्ता, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजारपाजारसुद्धा उघड करू देत नाही. ओळख किती बारीक धाग्यांनी पटते, हे त्या कलमाला ठाऊक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडेही वर्षानुवर्षं एकच सांगतात: बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीतला असतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर, कधी बापच. अशा माणसाचं नाव-पत्ता जगजाहीर करणं म्हणजे मुलीच्या घराकडे बोट दाखवणं आहे. आणि ते बोट दिसेल या धाकाने उद्या दुसऱ्या घरातली आई तक्रारच करणार नाही. "आपल्याच घराचं नाव लागेल" हे वाक्य मी पोलीस स्टेशनच्या बाकावर कितीदा ऐकलंय.

आपल्याकडे यादी नाहीच, असंही नाही. 20 सप्टेंबर 2018 रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. सुरुवातीलाच तिच्यात 4 लाख 40 हजारांहून जास्त नोंदी होत्या. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते, आणि ते योग्यच आहे. आपण मात्र स्कूलबसचा ड्रायव्हर, वॉचमन, क्लासमधला शिपाई ठेवताना पोलीस पडताळणीचा कंटाळा करतो, याची मला मनापासून चीड आहे.

आता अमेरिकेचं. 1994 साली न्यू जर्सीत मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीला समोरच राहणाऱ्या माणसाने मारलं. तो आधीही असल्याच गुन्ह्यांत शिक्षा झालेला होता आणि तिच्या आईवडिलांना ते ठाऊक नव्हतं. त्या आकांतातून कायदे झाले, आणि त्या आईवडिलांच्या जागी मी असते तर मीही तेच मागितलं असतं. 2003 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने अलास्काच्या खटल्यात सांगितलं की अशी नोंद ही शिक्षा नाही, त्यामुळे जुन्या गुन्हेगारांनाही ती लावता येते. मग राज्यं एकेक अट वाढवत गेली. मिशिगनमध्ये शाळेपासून हजार फुटांत राहायचं नाही, काम करायचं नाही, अशी अट होती. 2016 मध्ये त्या भागासाठीच्या संघीय अपील कोर्टाने (सहावं सर्किट) म्हटलं की आता ही शिक्षाच झाली, आणि मागाहून केलेली शिक्षा जुन्या गुन्ह्याला लावता येत नाही. मायामीत तर अडीच हजार फुटांच्या नियमामुळे राहायला जागाच उरली नाही, तेव्हा ही माणसं खाडीवरच्या एका पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली. ना घर, ना नोकरी, ना लक्ष ठेवायला घरचं कुणी. त्यात कुठली मुलगी सुरक्षित झाली?

हजार फूट म्हणजे साधारण तीनशे मीटर, चार-पाच मिनिटांची चाल. मी एकदा परळ-लालबागच्या नकाशावर प्रत्येक शाळा आणि बालवाडीभोवती पेन्सिलने तेवढी वर्तुळं काढली. रेल्वेचे रूळ सोडले तर राहण्याजोगा कोरा तुकडा जवळजवळ उरला नाही.

तडीपारीचं म्हणाल, तर तो माणूस शिक्षा पूर्ण भोगून बाहेर आला होता. चार वर्षं एका बेकरीत रात्रपाळी करत होता. मग नोटीस आली. तिच्यात तोच जुना गुन्हा, ज्याची शिक्षा त्याने भोगली होती, आणि 'अ' व 'ब' अशा दोन साक्षीदारांचे गोपनीय जबाब, ज्यांत ना तारीख होती ना ठिकाण. हुकूम: मुंबई आणि ठाण्यातून दोन वर्षं बाहेर. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 58 प्रमाणे दोन वर्षं ही कमाल मुदत. कमालच का, याचं एक ओळही कारण दिलेलं नव्हतं. 2022 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने जालन्याच्या एका प्रकरणात तडीपारीचा हुकूम रद्द केला, तोही याच धर्तीवर: तडीपारी हा असाधारण उपाय आहे, शिळ्या गुन्ह्यांवर ती उभी राहत नाही, आणि कमाल मुदतीला कारण द्यावं लागतं. मी तेच मांडलं. तो चांगला माणूस आहे असं मी कोर्टात म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. पण बेकरीचा मालक, पाळी, घरी वाट बघणारी बहीण हे त्याच्याभोवतीचं कुंपण होतं. ते काढून त्याला जिथे कुणी ओळखत नाही अशा गावात पाठवणं म्हणजे आपली काळजी दुसऱ्या गावातल्या मुलींच्या दारात टाकणं. तिथल्या आयांना कोण सांगणार होतं?

मी हालचालींवर बंदी मागतच नाही असं समजू नका. त्या काकाला जामीन मिळाला, तेव्हा अटी मीच लिहून दिल्या होत्या: चाळीच्या आवारात पाऊल ठेवायचं नाही, शाळेच्या गल्लीत फिरकायचं नाही, मुलीशी किंवा तिच्या आईशी कुणामार्फतही बोलायचं नाही, मुलीची साक्ष होईपर्यंत मुंबईबाहेर बहिणीकडे राहायचं, दर रविवारी तिथल्या पोलीस ठाण्यात हजेरी. एका माणसापासून एका मुलीला असलेला धोका मोजून बेतलेली बंदी होती ती. काका एकदा नाक्यावर दिसला, त्याच दुपारी आम्ही जामीन रद्द करायचा अर्ज टाकला.

मुलीची साक्ष झाली तेव्हा ती दहावीत होती. काका दिसू नये म्हणून मध्ये पडदा होता. दीड तास ती न अडखळता बोलली. बाहेर आल्यावर पाणी प्यायली, आईच्या पदराला हात पुसले आणि मला विचारलं, "ताई, आज मी कोर्टात आले ते चाळीत कुणाला कळलं नाही ना? परत कागद नाही ना लावणार?"