तोरिनोची वही, चौथा महिना: शेऱ्याचा रकाना पुरेना

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, तोरिनो या इटलीतल्या तुरिनच्या फुटबॉल क्लबाचे निकाल 1906 पासून हंगामामागून हंगाम शीटमध्ये भरत पावसाळा सरेपर्यंत 1977 गाठायचं. गाठलं. पण वाटेत जे अडलं ते जरा सविस्तर लिहितो. तुमच्यातल्या दोघातिघांनी हाच उद्योग आपापल्या क्लबासाठी मांडलाय, तेव्हा माझ्या चुका तुम्हाला फुकटात मिळूदेत.

आधी कबुली. पहिली फाईल अख्खी बाद झाली. 'निकाल' असा एकच रकाना ठेवून मी 2-1, 3-2 असं टाइप करत सुटलो. एंटर दाबलं की शीट त्याची तारीख करून टाकतं, हे नोकरीत दिवसभर शीटच बघणाऱ्या माझ्यासारख्याला कळायला हवं होतं. नाही कळलं. ऑक्टोबर 1947 मध्ये तोरिनोनं रोमाला 7-1 असं धुतलं, ते माझ्याकडे सात जानेवारी होऊन बसलं होतं. त्या हंगामाची बेरीज 125 गोल यायला हवी, ती कशीही केली तरी येईना. दोन रात्री सूत्रं तपासली, तिसऱ्या रात्री ती सात जानेवारी दिसली. आता सरळ दोन रकाने केलेत, 'केले' आणि 'खाल्ले'. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हेच करा.

तिसरा रकाना 'शेरा'. तो काकांचा. काका सहकारी बँकेत लेखापरीक्षक होते. 1927 पाशी माझी गाडी रुतलेली बघून म्हणाले, "अरे, आकडा खोडायचा नसतो. आकडा आहे तसा ठेवायचा आणि पुढं शेरा मारायचा." तेव्हा तो रकाना दोन बोटं रुंद होता. आता तोच सगळ्यात रुंद झालाय.

1927 चं प्रकरण असं. तोरिनो त्या हंगामात पहिल्यांदा इटलीचा विजेता झाला. 5 जूनच्या डर्बीत, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या लढतीत, युव्हेंटसला 2-1 नं हरवलं होतं. पुढे आरोप आला की तोरिनोच्या एका पदाधिकाऱ्यानं युव्हेंटसचा बचावपटू लुईजी अलेमांदी याच्याशी 50,000 लिरांचा सौदा केला, निम्मे आधी, निम्मे नंतर. गंमत म्हणजे अलेमांदी त्या दिवशी झकास खेळला, आणि म्हणूनच उरलेले पैसे अडकले असं म्हणतात. इटलीच्या फुटबॉल महासंघानं नोव्हेंबरमध्ये विजेतेपद काढून घेतलं आणि दुसऱ्या आलेल्या बोलोन्यालाही दिलं नाही. महासंघाचा प्रमुख लेआंद्रो अर्पिनाती बोलोन्याचाच, दिलं असतं तर बोंब झालीच असती. अलेमांदीवर आजन्म बंदी आली, वर्षभरात माफीही मिळाली, आणि 1934 चा विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या संघात हाच माणूस खेळला. माझ्या वहीत 'विजेतेपद' या घरात शून्य, सामने आणि गोल जसेच्या तसे. शेरा: मैदानावर पहिला, कागदावर कुणीच नाही. तोरिनोची अधिकृत मोजणी त्यामुळे 1927-28 पासून सुरू होते. त्या हंगामात हुलिओ लिबोनात्तीनं 35 गोल केले, ते बिनशेऱ्याचे.

मधली वर्षं झपाझप भरली. 1936 चा कोप्पा इतालिया, म्हणजे इटलीचा कप, एवढंच जाड अक्षरात.

मग 1942-43. अध्यक्ष फेरुच्चिओ नोव्होनं व्हेनेत्सियाकडून व्हालेंतिनो मात्सोला आणि एत्सिओ लोइक ही जोडी आणली आणि लीग व कप दोन्ही एकाच हंगामात आले. इटलीत हे त्याआधी कुणाला जमलं नव्हतं. इथून 1949 पर्यंत पाच विजेतेपदं. लोक 'सलग पाच' म्हणतात, मीही म्हणतो, पण वहीत मध्ये दोन हंगामांची भोकं आहेत, कारण युद्ध. 1944 मध्ये उत्तर इटलीपुरती एक स्पर्धा झाली. सिल्व्हिओ पिओलासारखा स्ट्रायकर जोडीला घेतलेला तोरिनो 16 जुलैला मिलानमध्ये हरला, कुणाकडून? स्पेत्सियाच्या अग्निशमन दलाच्या संघाकडून, 2-1. बंबवाल्यांना त्या विजयाचा मान देऊन टाकायला महासंघाला 2002 साल उजाडलं, तोही मानापुरता. ही स्पर्धा मी वेगळ्या शीटवर टाकलीय. एकूण बेरजेत मिसळली की पुढचे सगळे आकडे गढूळ होतात. ज्यांना मिसळायचीय त्यांनी मिसळावी, भांडणार नाही.

1947-48 हा माझा सगळ्यात लाडका हंगाम. 40 सामने, 29 विजय, 7 बरोबरी, 4 पराभव, 65 गुण. 125 केले, 33 खाल्ले. सामने चाळीसच का, हे आधी कळेना. मग दिसलं की त्या वर्षी संघ 21 होते. आदल्या हंगामात तळाला गेलेल्या त्रिएस्तिना क्लबाला खालच्या श्रेणीत न ढकलता ठेवून घेतलं होतं, कारण त्रिएस्ते शहर तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होतं आणि इटलीला ते सोडल्यासारखं दिसू द्यायचं नव्हतं. दयेवर राहिलेला हा त्रिएस्तिना त्या हंगामात 49 गुणांवर मिलान आणि युव्हेंटसच्या बरोबरीनं दुसरा आला. तोरिनोच्या वहीत त्रिएस्तिनाचं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल, पण शेरा मारल्याशिवाय राहवलं नाही.

घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे काढले तेव्हा मजा आली. घरी 20 पैकी 19 विजय, 1 बरोबरी. विजयाला दोन गुणांच्या हिशोबानं 40 पैकी 39. उरलेले 26 बाहेरचे. म्हणजे बाहेर हा संघ माणसांसारखा खेळायचा, घरी नाही. 2 मे 1948 ला घरीच अलेस्सांद्रियावर 10-0. घर म्हणजे स्तादिओ फिलाडेल्फिया, 1926 मध्ये उघडलेलं. 1943 पासून सहा वर्षांहून जास्त काळ लीगमध्ये तिथं त्यांना कुणी हरवलं नाही. खेळ रेंगाळला की गर्दीतून ओरेस्ते बोल्मिदा नावाचा रेल्वेतला माणूस तुतारी फुंकायचा, मात्सोला बाह्या वर सारायचा आणि पुढचा पाव तास समोरच्याचं काही खरं नसायचं. 'ग्रानाता पाव तास' म्हणतात त्याला. ग्रानाता म्हणजे त्यांच्या जर्सीचा रंग, आपला डाळिंबी. आमच्याकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर हलगी कडाडली की पेठेतल्या पोरांचे पाय कसे उचलतात ते बघितलंय, त्यामुळे ही तुतारी मला दंतकथा वाटत नाही.

आता 1948-49. यावर दहा दिवस गेले.

30 एप्रिल 1949 ला मिलानमध्ये इंटरशी 0-0. 34 सामने झालेले, चार उरलेले, तोरिनो चार गुणांनी पुढे. मधल्या मोकळ्या दिवसांत संघ पोर्तुगालमध्ये लिस्बनला गेला, तिथल्या बेनफिका क्लबाचा खेळाडू फ्रान्सिस्को फेरेराच्या सन्मानार्थ मैत्रीपूर्ण सामना खेळायला. 3 मे, 3-4 अशी हार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला ढगात विमान तुरिनजवळच्या सुपेर्गा टेकडीवरच्या बासिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, मागच्या भिंतीवर आदळलं. 31 जण गेले, त्यांत 18 खेळाडू. प्रशिक्षक लेस्ली लिव्हस्ली, तांत्रिक सूत्रं सांभाळणारा हंगेरियन एर्नो एर्बश्टाइन, आणि तीन पत्रकार. त्यांतला रेनातो कासालबोरे म्हणजे 'तुत्तोस्पोर्त' या दैनिकाचा संस्थापक. ज्यांच्या नोंदींवरून आपण आज आकडे लावतो, त्यांतलाही एक त्या विमानात होता. मृतदेह ओळखायला व्हित्तोरिओ पोत्सोला बोलावलं, दोन विश्वचषक जिंकून देणारा प्रशिक्षक. गुडघा दुखावला म्हणून साउरो तोमा मागे राहिला होता, तो वाचला.

खेळाडूंच्या शीटमध्ये 'शेवटचा सामना' असा रकाना आहे. तो मी नेहमी वरून खाली ओढत भरतो. या अठरा ओळींत ओढला नाही, एकेक नाव हातानं लिहिलं. मैत्रीपूर्ण सामना मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे अधिकृत रकान्यात त्यांच्यासमोर लीगचाच सामना येतो आणि लिस्बन शेऱ्यात जातं.

मग उरलेले चार सामने. महासंघानं तोरिनोला विजेता जाहीर केलंच होतं, पण सामने खेळले गेले. तोरिनोनं युवा संघ उतरवला, आणि समोरच्या चारही क्लबांनीही आपापली पोरंच उतरवली. जेनोआवर 4-0, पालेर्मोला जाऊन 3-0, सांपदोरियावर 3-2, फिओरेंतिनावर 2-0. बारा केले, दोन खाल्ले, आठही गुण. हंगामाअखेर तोरिनो 60, इंटर 55.

हे सामने धरायचे की नाही? मी दोन्ही करून बघितलं. 60 मधून 8 वजा, 52 उरतात. इंटर शेवटच्या टप्प्यात 48 वरून 55 ला गेला, म्हणजे नुसत्या कागदाच्या हिशोबानं ही पोरं खेळलीच नसती तर इंटर वर दिसला असता. शेवटी धरले, कारण ते अधिकृत आहेत आणि त्या पोरांनी ते जिंकलेत. काकांना विचारलं, "काका, तुम्ही काय केलं असतं?" त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "खातं एकच ठेव. सह्या बदलल्यात तेवढं लिही." शेऱ्यात तेच वाक्य आहे.

पन्नाशीचं दशक भरताना हात जड होतो. 1958-59 मध्ये चॉकलेटवाल्या प्रायोजकाचं नाव लावून 'ताल्मोने तोरिनो' म्हणून खेळले आणि त्याच हंगामात इतिहासात पहिल्यांदा खालच्या श्रेणीत घसरले. पुढे.

1967-68 मध्ये पुन्हा थांबावं लागलं. 15 ऑक्टोबरला सांपदोरियावर 4-2, त्या रात्री जिजी मेरोनी, विंगर, वय 24, घराजवळ रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. गाडी चालवणारा एकोणीस वर्षांचा पोरगा तोरिनोचाच चाहता, आणि हाच पुढे 2000 मध्ये क्लबाचा अध्यक्ष झाला. आठवड्यानं डर्बी. नेस्तोर कोंबिननं तीन ठोकले, मेरोनीची 7 नंबरची जर्सी घातलेल्या अल्बेर्तो कारेल्लीनं चौथा. 4-0. या ओळीला शेरा लिहायला घेतला आणि खोडला. आकडे पुरेत.

सत्तरीचं दशक मात्र हिशोबी माणसाची दिवाळी. जॉर्जिओ फेर्रिनीचे 566 सामने क्लबात सर्वाधिक, पाओलो पुलिचीचे 172 गोल सर्वाधिक, आणि अजून कुणी त्यांना गाठलेलं नाही. 1975-76 मध्ये प्रशिक्षक लुईजी रादिचेच्या संघानं घरचे पहिले चौदाही सामने जिंकले. पंधरावा, 16 मे 1976, चेझेनाशी. पुलिचीनं झेपावून डोक्यानं गोल केला, मग आपल्याच मोत्सिनीनं स्वयंगोल करून तो फेडून दिला, 1-1. तिकडे पेरुजात रेनातो कुरीच्या गोलानं युव्हेंटस हरला आणि तोरिनो 45-43 नं विजेता. सुपेर्गानंतर पहिल्यांदाच. पंधरापैकी पंधरा हुकले म्हणून रादिचे विजयाच्या दिवशीही चिडला होता. हा माणूस आपल्या जातकुळीतला.

पुढच्या वर्षी त्याहून भारी खेळले आणि हरले. 30 सामने, 21 विजय, 8 बरोबरी, एकच पराभव, 14 गोल खाल्ले. 60 पैकी 50 गुण. युव्हेंटस 51. इटलीत विजयाला तीन गुण 1994-95 पासून, म्हणून तसा हिशोब लावून बघितला: तोरिनो 71, युव्हेंटस 74. काहीही करा, दुसरेच येतात.

आता 1983 कडे निघालोय. 27 मार्चची डर्बी, 0-2 वरून चार मिनिटांच्या आत 3-2. पण मधेच पुढचं बघायचा मोह झाला आणि 14 ऑक्टोबर 2001 उघडलं. 0-3 वरून 3-3, आणि अखेरीस युव्हेंटसला पेनल्टी. गोंधळात रिकार्दो मास्पेरोनं बुटानं गुपचूप पेनल्टीच्या ठिपक्याशी जमीन उकरली, मार्सेलो सालासनं मारलेला चेंडू आकाशात गेला. 'चुकलेली पेनल्टी' असा रकाना आहे, पण हे त्यात कसं बसवायचं? काकांना व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला त्यांनी. म्हणाले, "लिही, जागेवर खड्डा. स्थळपाहणी झालेली नाही."